गवा आहे ओ तो, म्हैस नाही!

कोल्हापूरकडं दाजीपूर जंगलाच्या रोडला संध्याकाळी गवा दिसला की झालंच, गाड्या आडव्यातिडव्या लावून सगळं पब्लिक खाली. परवा एक काका पोराला खांद्यावर घेऊन पार दहा फुटांवर, 'बघ बघ म्हैस', अहो म्हैस कसली, पायात पांढरे मोजे दिसत नाहीत का, हजार किलोपर्यंत भरतो तो, मान खाली घालून फुस्स करतोय आणि मागून एकजण हॉर्न मारतोय, का तर तोंड इकडं करावं म्हणून! ओरडलो तर 'काय करत नाही ओ, गरीब असतंय.' डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडात गवा शिरला तेव्हा पण हीच गर्दी, पळवून पळवून मेला बिचारा. उद्या शिंग लागलं की हेच वनखात्याच्या नावानं बोंबलणार. आणि जाताना काका मलाच विचारतात, व्हिडिओ काढला असला तर पाठवा की!