बारावीतून प्रयोग आणि लेखन वगळल्याने कॉलेजची तयारी होत नाही

इंदूरच्या मराठी पालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम कालबाह्य झाला असून शाळांनी प्रयोग, भाषा आणि लेखनावर वेळ न घालवता थेट जेईई (अभियांत्रिकी), नीट (वैद्यकीय) आणि सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठे) या प्रवेश परीक्षांची तयारी करून घ्यावी, म्हणजे मुले कॉलेजसाठी तयार होतील आणि क्लासचा खर्चही वाचेल, असे त्यात म्हटले आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवणारी शिक्षिका या नात्याने मला यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा अमान्य आहे.

शालेय अभ्यास एकीकडे आणि प्रवेश परीक्षा दुसरीकडे, हे गृहीतकच चुकीचे आहे. सीयूईटीतील विषयांचे प्रश्न बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात, नीटचा पाया अकरावी-बारावीच्या विषयांचाच आहे, आणि जेईई मेनमधून एनआयटीत (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) जाणाऱ्या सर्वसाधारण गटातील विद्यार्थ्याला बारावीत ७५ टक्के गुण किंवा मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते.

प्रयोग निरुपयोगी आहेत हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. साध्या लंबकाच्या आवर्तनकाळावरचे गणित आमच्याकडे येणारी मुले मिनिटभरात सोडवतात. पण हातात स्टॉपवॉच दिले की अनेक जण एकाच आंदोलनाची वेळ मोजतात, दर वेळी वेगळे उत्तर आले की गोंधळतात आणि त्यातले ‘बरोबर’ कोणते ते विचारतात. वीस आंदोलने मोजून वीसने भागले की बटण दाबण्यातली चूकही विसाव्या हिश्शावर येते, हे चार पर्यायांतून एक निवडण्याच्या सरावाने कळत नाही. सीबीएसईच्या बारावी भौतिकशास्त्रात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. अनेक शाळांत प्रयोग न करताच निरीक्षणे उतरवली जातात, ही तक्रार खरी आहे; पण तिच्यावरचा उपाय प्रयोगशाळा उघडी ठेवणे हा आहे.

भाषेबाबत तर आपल्या शहराने अधिक काळजी घ्यायला हवी. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी पाठ्यपुस्तक, अशा तीन भाषांतून आपली मुले जातात. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पाठ्यपुस्तके काढावी लागली ती इंग्रजीच्या याच अडचणीपायी. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अकरावी-बारावीला दोन भाषा, त्यांतली किमान एक भारतीय, सुचवल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. पदवीच्या परीक्षेत सलग, मुद्देसूद उत्तर लिहावे लागते. ज्याने दोन वर्षे फक्त उत्तराच्या पर्यायांचे गोळे काळे केले, त्याला विषय येत असूनही तो मांडता येत नाही.

राहिला खर्चाचा मुद्दा. जागा मर्यादित आणि निवड गुणानुक्रमाने, त्यामुळे सगळ्या शाळांनी क्लासचेच काम सुरू केले तरी स्पर्धा तेवढीच राहील, आणि पुढे राहण्यासाठी पालक इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या क्लासचे शुल्क तरीही भरतील. बदल हवाच असेल तर पाठ्यक्रमातील धड्यांची गर्दी कमी करावी, प्रात्यक्षिकाची परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने खरोखर घ्यावी, आणि अकरावीपासून प्रत्येक विद्यार्थ्याकडून दर सत्रात किमान एक दीर्घ लेखी प्रकल्प करून घ्यावा.