न्यायालयाने नियम रद्द केला, बंधन नव्हे

व्यापारी आणि दवाखानेवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो आहे. दिव्यांगांसाठी रॅम्प आणि लिफ्टची सक्ती केवळ सरकारी इमारतींना आहे, जुन्या बांधकामांना ती लागू नाही, सर्वोच्च न्यायालयाने तर नियमच रद्द केला आहे, आणि तरीही कोणी विचारलेच तर दारात उतार करून द्यावा, असे त्यात म्हटले आहे.

पहिला दावा कायद्याची व्याख्या वाचताच निकाली निघतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार सार्वजनिक इमारत म्हणजे जनतेचा वावर असलेली सरकारी किंवा खासगी इमारत. त्यात व्यापार, शिक्षण, वैद्यकीय सेवा आणि धार्मिक कार्यासाठीच्या वास्तूही येतात. निव्वळ राहत्या इमारतींचा उल्लेख त्या व्याख्येत स्पष्टपणे नाही, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

जुन्या बांधकामांनाही सूट नाही. कलम 45 नुसार नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम्य करायच्या होत्या. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे ती मुदत 2022 मध्येच उलटली.

सर्वाधिक दिशाभूल न्यायालयाच्या नावाने झाली आहे. राजीव रतुरी यांच्या 2005 च्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या नियमांतील नियम 15(1) अवैध ठरवला, हे खरे. परंतु त्यामागचे कारण मजकूरकर्त्याने सोयीस्करपणे गाळले आहे. कलम 40 ने सरकारला बंधनकारक मानके ठरवायला सांगितले असताना त्या नियमाने केवळ शिफारशीवजा मार्गदर्शक सूचनांवर भिस्त ठेवली होती, म्हणजेच नियम कायद्यापेक्षा सौम्य होता, म्हणून तो टिकला नाही. किमान मानके सक्तीची करणारे नियम तीन महिन्यांत करा, असा आदेश न्यायालयाने केंद्राला दिला आणि त्यानंतर पूर्णत्वाचा दाखला रोखणे, दंड आकारणे हे उपाय प्रत्यक्षात आणा, असे केंद्राला व राज्यांना बजावले. सक्ती वाढवणाऱ्या निकालातून सूट शोधणे हे खरोखर कसब म्हणावे लागेल! दंडाची तरतूदही कायद्यातच आहे: पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत, त्यानंतरच्या प्रत्येकाला 50,000 ते पाच लाख.

राहिला दारातला उतार. मानकानुसार रॅम्पचा उतार 1:12 हून तीव्र नसावा, म्हणजे प्रत्येकी 15 सेंटिमीटरच्या दोन पायऱ्यांसाठी 3.6 मीटर लांबी हवी. प्रत्यक्षात दोन पायऱ्यांवर मीटरभर लांबीचा, गुळगुळीत फरशीचा, बिनकठड्याचा उतार घातलेला दिसतो आणि वर दार बाहेर उघडत असल्याने व्हीलचेअर थांबवायला सपाट जागाच उरत नाही. शिवाय कायद्याच्या अनुसूचीत 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत. अंध व्यक्तीला लिफ्टमध्ये ब्रेल बटणे आणि मजल्याची ध्वनिसूचना लागते, कर्णबधिर व्यक्तीला आगीचा इशारा डोळ्यांना दिसावा लागतो. मजकुरात यांपैकी कशाचाही उल्लेख नाही.