खुलासा : खांद्याचा टेंडन फाटला म्हणजे अपघात झाला, असं नाही

कोल्हापुरातल्या दवाखान्यांमधल्या बिलिंगवाल्यांच्या व्हॉट्सअॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘एमआरआयमध्ये खांद्याचा टेंडन फाटलेला दिसला की अपघाताचा एस४६ कोड टाका, क्लेम लवकर सुटतो.’

हे चूक आहे. टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, आणि खांद्याभोवतीच्या अशा टेंडनच्या गटाला रोटेटर कफ म्हणतात. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांना कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत, एम७५.१ या कोडखाली रोटेटर कफची फाटही येते, अर्धी असो वा पूर्ण, फक्त ती मार लागून झालेली नसावी. एस४६.० दुखापतीसाठी आहे. एमआरआय फाट दाखवतो, पण ती कशामुळे पडली हे बहुतेक वेळा पेशंटच्या हकिकतीतूनच कळतं. म्हणून केसपेपरचं महत्त्व.

माझ्यासमोर आलेला एक केसपेपर सांगतो. गुऱ्हाळावर वर्षानुवर्षं काहिलीतला रस ढवळणारे मामा, वय ५८. डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘उजवा खांदा, सहा महिने दुखतो, पडल्याचं आठवत नाही.’ त्या एका ओळीवर कोड ठरतो, एम७५.१. तेच मामा रंकाळ्याजवळ गाडीवरून घसरून पडले असते आणि हात तेव्हापासून उचलत नसता, तर एस४६.०.

खोटा अपघात लिहिला तर विमा कंपनी पडल्याची तारीख, जागा, पहिल्या दिवसाचे कागद मागू शकते. ते कुठून आणायचे? क्लेम अडकतो आणि भोगतो पेशंट, ज्याला यातलं काहीच माहीत नसतं. मला याचीच चीड येते.

हकिकत अपुरी असेल तर कोड टाकण्याआधी डॉक्टरांना विचारा. बाजूही लिहून घ्या, डावी की उजवी. ती हमखास राहते.