बाळ्याचा साडू, डेट्रॉइटची भिंत आणि कमिटी

अमेरिकेतल्या वर्णद्वेषाचा विषय बाळ्यानंच काढला. ट्रम्पनं एच-वन-बी व्हिसावर लावलेल्या त्या एक लाख डॉलरच्या फीनं न्यू जर्सीतल्या साडूची कंपनी अडचणीत आली, वर साडूच्या पोरगीला शाळेत कोणतरी 'तुमच्या देशात जा' म्हणालं, त्यामुळं गडी रंकाळ्यावर आला तोच तापलेला. "टॅक्स भरतो, लॉन कापतो, ट्रम्पलाच मत दिलं त्यानं, आणि त्यालाच असं बोलायचं?"

दिग्यानं चहाचा घोट घेतला. "काळ्यांना बोलत होते तवर साडूला ऐकू येत नव्हतं व्हय?"

बाळ्या म्हणजे साडूचा लाऊडस्पीकर. साडू म्हणाला, साडूनं पाठवलंय, साडू तिथंच राहतोय तुला जास्त कळतंय का, ह्या तीन वाक्यांवर त्याची अख्खी अमेरिका चालते. दिग्याचं तसं नाही, शिरोलीच्या फौंड्रीनं त्याला मिशिगनला पाठवलेलं, कास्टिंग रिजेक्ट व्हायला लागली की तिथल्या गोऱ्या साहेबांशी भांडायला. त्यामुळं तो बोलायला लागला की मी तरी गप बसून ऐकतो.

बाळ्यानं लगेच ठेवणीतला पत्ता टाकला. "लिंकन कुणाच्या पक्षाचा? रिपब्लिकन! गुलामीच्या बाजूनं कोण होतं? डेमोक्रॅट! मग आता रेसिस्ट कोण?"

"लिंकन गेला १८६५ ला. त्याच्या पुढचं साडूनं पाठवलं नाही वाटतं," दिग्या म्हणाला. "दक्षिणेतले डेमोक्रॅट काळ्यांना मत देऊ देत नव्हते हे खरंच आहे, कोण नाही म्हणतंय. पण १९६४ ला नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली जॉन्सननं, तोही डेमोक्रॅटच. आणि त्याच कायद्याच्या विरोधात मत दिलेला गोल्डवॉटर त्या साली रिपब्लिकनांचा उमेदवार होता. देशभर आपटला, पण स्वतःचं अॅरिझोना सोडलं तर जिंकली कुठली राज्यं? मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलिना, सगळी दक्षिणेतली. माणसं तीच, घरं तीच, पक्ष बदलला."

संजूदादा नेहमीप्रमाणं म्हणाले, सगळे पक्ष सारखेच. त्यांचं हे वाक्य १९९५ पासून मी ऐकतोय, पाऊस असो की इलेक्शन.

"सारखे नाहीत दादा, पण दक्षिणेचंच घेऊन बसायचं कारण नाही, मी राहिलो त्या मिशिगनचं सांगतो," असं म्हणून दिग्यानं बाकड्यावर बोटानं आडवी रेघ मारली. "हा आठ मैल रोड. खाली डेट्रॉइट, बहुतेक काळे. वर मॅकोम्ब काउंटी, बहुतेक गोरे, मोटारीच्या कारखान्यातले कामगार, पक्के युनियनवाले. १९६० ला केनेडीला तिथं साठ टक्क्यांच्या वर मतं. म्हणजे कट्टर डेमोक्रॅट. पुढं कोर्टाचा हुकूम येणार अशी चिन्हं दिसायला लागली, की शहरातली काळी पोरं आणि उपनगरातली गोरी पोरं बसनं इकडं तिकडं नेऊन एकत्र शिकवा. मग १९७२ च्या डेमोक्रॅट प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, मिशिगनच्या मतदारांनी कुणाला निवडलं? जॉर्ज वॉलेसला! अलाबामाचा गव्हर्नर, शपथेच्या भाषणात काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणं कायम राहणार म्हणून गर्जना केलेला. दोन वर्षांनी सुप्रीम कोर्टानं पाचास चारनं सांगितलं, उपनगरांना ह्यात ओढायचं नाही. झालं, रस्ता तिथंच राहिला. आणि १९८४ ला त्याच मॅकोम्बनं तशीच साठच्या वर मतं दिली, ती रिपब्लिकन रेगनला."

पुढच्या साली डेमोक्रॅट पक्षानंच स्टॅन्ली ग्रीनबर्ग नावाच्या अभ्यासकाला तिथं पाठवलं, आपली माणसं का गेली विचारायला. लोक बोलले पगारावर, टॅक्सवर, पण प्रत्येक गोष्टीचं खापर शेवटी काळ्यांवरच फुटत होतं. चांगली वस्ती म्हणजे काय, तर जिथं ते राहत नाहीत ती.

शुभांगी इतका वेळ कणीस खात ऐकत होती. तिनं नेमकं धरलं. "मग त्याच मॅकोम्बनं ओबामाला दोनदा निवडलं ते कसं काय? आणि नंतर ट्रम्पला? रेसिस्ट लोक ओबामाला मत देतील होय रे?"

"हेच! हेच साडू म्हणतोय!" बाळ्या उठूनच उभा राहिला.

दिग्याला हा प्रश्न आवडला हे दिसत होतं. "२००८ ला जनरल मोटर्स, क्रायस्लर बुडायला आलेल्या. नोकरी कोण वाचवील ते बघितलं लोकांनी, आणि चार वर्षांनी त्यानं वाचवली म्हणून परत दिलं. त्यात खोटं काही नाही. पण व्हाइट हाऊस लांब असतंय. तिथं काळा माणूस बसला तर तुझ्या गल्लीचा भाव पडत नाही. शेजारचं घर त्यानं घेतो म्हटलं की मग बघ. आणि २०१६ ला कोणीतरी येऊन सांगितलं, तुमचं वाटोळं मेक्सिकन आणि मुसलमानांनी केलंय, तेव्हा मनात तयार होतंच की ते."

रियाज शांतपणे म्हणाला, "मला कळलं. बाळ्या पण माझ्याबरोबर रोज चहा पितोय की."

कुणी काही बोललं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाळ्याच्या सोसायटीत एक फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता, रियाजला हवा होता, डिपॉझिटसुद्धा तयार होतं. बाळ्या सेक्रेटरी. चार दिवस फोन उचलला नाही आणि मग सांगितलं, कमिटी नको म्हणतीया.

"आरं ते कमिटीनं ठरवलं, मी एकटा काय करणार मर्दा..."

"तिथं पण कमिटीच असते," दिग्या म्हणाला.

मग त्यानं त्या भिंतीचं सांगितलं, ती त्यानं स्वतः बघितलीय. आठ मैल रोडजवळ काळ्यांची जुनी वस्ती होती, शेजारी एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण सरकारी गृहकर्जाची हमी मिळेना, का तर बाजूला काळे राहतात. १९४१ ला त्यानं मध्ये सहा फुटी भिंत घातली, अर्धा मैल लांब. लगेच हमी मिळाली! आत घर घेणाऱ्या कुणालाच तोंडानं काही वाईट बोलावं लागलं नाही, नियमच तसा होता. भिंत अजून उभी आहे, तिच्यावर आता चित्रं रंगवलीत.

मला वाटतं मतपेटीचंही हेच होतं. बहुतेक माणसं स्वतःहून शेजाऱ्याला शिवी घालत नाहीत, त्यांना ते काम करणारा कोणीतरी लागतो, आणि पक्षाला तेवढीच मतं हवी असली की तो हे काम अंगावर घेतो, आधी एकानं घेतलं आता दुसऱ्यानं. म्हणून 'तसा तो मनानं चांगला आहे' हे उत्तर मला चालत नाही. रियाजला फ्लॅट मिळाला नाही तो नाहीच मिळाला.

आपली माणसं तिथं ह्या भांडणात नवखी नाहीत हे साडूला कोण सांगणार. १९२३ ला पंजाबहून तिकडं गेलेल्या भगतसिंग थिंडच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, भारतीय गोरे नाहीत, नागरिकत्व नाही. पुढं तिकडं जाऊन राहायचा दरवाजा नीट उघडला तो १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं, आणि ते वारं काळ्यांनी लाठ्या खाऊन आणलेलं. आता रिपब्लिकनांकडनं राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्या विवेक रामस्वामीचंच घ्या, अॅन कूल्टर ही उजव्या बाजूची लेखिका त्याच्याच पॉडकास्टवर बसून तोंडावर म्हणाली, तुझं बरंच पटतं पण तू भारतीय म्हणून मत दिलं नसतं.

"निदान खरं बोलली," शुभांगी म्हणाली.

बाळ्याला कुठंतरी जिंकायचं होतं. "मग तुमचा तो श्री थाणेदार? डेमोक्रॅट! डेट्रॉइटची काळ्यांची सीट घेऊन बसलाय!"

हे मात्र खरं आहे. २०२२ च्या प्रायमरीत काळ्या उमेदवारांत मतं फुटली, थाणेदार २८ टक्क्यांवर निघाले, आणि जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉइटचा काळा खासदार राहिला नाही. तिथल्या बऱ्याच नेत्यांना ते लागलं. शुभांगी म्हणाली हा पण वर्णद्वेषच की. दिग्या म्हणाला, नाही, ज्यांना भिंतीच्या ह्या बाजूला ठेवलं त्यांनी आपला एक माणूस मागणं आणि भिंत बांधणं हे एकच कसं होईल. दोघं त्यावर बराच वेळ भांडले, मी दिग्याच्या बाजूनं आहे पण शुभांगी काही हटली नाही.

"ते जाऊ दे, माणूस आपला हाय की," संजूदादा म्हणाले. "जन्म चिकोडीचा, वाढला बेळगावात."

रियाज म्हणाला, "म्हणजे कर्नाटकचा."

"कोण म्हणतंय रे!" बाळ्या आणि दिग्या एकदम ओरडले. तासाभरात पहिल्यांदा दोघं एका बाजूला. संजूदादासुद्धा उठले, पक्ष सारखे असतील पण बेळगाव म्हटलं की त्यांचं बीपी वाढतं.

"मी कुठं म्हणतोय," रियाज म्हणाला, "१९६७ ला महाजन आयोगानं सांगितलं."

"कसला आयोग घेऊन बसलाईस, त्या कमिटीनं चुकीचं ठरवलं!" बाळ्या तावातावानं बोलून गेला.

रियाजनं त्याच्याकडं बघितलं. "मग त्या कमिटीचा सेक्रेटरी पण तूच होतास काय?"

शुभांगीच्या हातातलं कणीस पडलं. दिग्याला हसून हसून ठसका लागला, संजूदादा त्याच्या पाठीत बुक्क्या घालायला लागले, आणि बाळ्या, लालबुंद झालेला, सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायला टपरीकडं पळाला.