"मॅडम वर्गात शिकवतच नाहीत"

दोन वर्षांपूर्वी सेमिस्टर संपताना माझ्या फीडबॅकमध्ये अकरा मुलांनी हे लिहिलं होतं. विभागप्रमुखांनी बोलावून विचारलं, "मॅडम, सिलॅबस झालाय ना पूर्ण?" झाला होता. मी फक्त तासभर फळ्यासमोर उभं राहून बोलायचं सोडलं होतं.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवते. कित्येक वर्षं फळ्यावर गणितं सोडवून दिली, मुलांनी ती सुबक अक्षरात उतरवून घेतली. एकदा सहज विचारलं : सपाट जमिनीवर १० किलोचा ठोकळा, घर्षणांक ०.४. आडवं २० न्यूटन बल लावलं, ठोकळा हलला नाही. घर्षणबल किती? सत्तरांपैकी पन्नासेक मुलांचं उत्तर ३९.२४. सूत्रात आकडे घातले (०.४ × १० × ९.८१) की तेच येतं. पण आपण २०ने ढकलतोय आणि घर्षण ३९ने उलट रेटतंय, तर ठोकळा आपल्याच अंगावर यायला हवा! जागचा हलत नाही, म्हणजे घर्षणही २०च. ३९.२४ ही कमाल मर्यादा झाली. हे आदल्याच आठवड्यात मी शिकवलं होतं, आणि माझ्या मते चांगलं शिकवलं होतं.

तेव्हापासून व्याख्या, सूत्रं आणि एक सोडवलेलं उदाहरण आठ-दहा मिनिटांच्या व्हिडिओत जातं. तो मुलांनी आधीच बघून यायचं. वर्गात फक्त प्रश्न. आधी प्रत्येकाने आपलं उत्तर कागदावर लिहायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा हात वर. पद्धत माझी नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझुर १९९१पासून असंच शिकवत आले.

आपल्याकडे याचा आणखी एक फायदा होतो, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलं मराठी शाळांतून आलेली. इंग्रजी लेक्चर त्यांच्या डोक्यावरून जातं आणि हात वर करायची हिंमत होत नाही. व्हिडिओ ती चार वेळा मागे नेऊन बघतात. आणि शेजाऱ्याशी वाद घालताना भाषा आपोआप मराठी होते. "अरे, हलतच नाहीये ना तो, मग घर्षण जास्त कसं असेल?" हे शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने शेजारणीला सुनावलं. वर्षभर तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

व्हिडिओ न बघताच वर्गात येणारी मुलं असतातच. त्यांच्यासाठी मी वर्गात पुन्हा शिकवत नाही. शिकवलं, तर बघून आलेल्यांनी पुढच्या वेळी का बघावं?

आता त्या अकरा मुलांबद्दल. मला त्यांचा राग नाही. हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं : स्वतः झगडून शिकलेली मुलं चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. ओघवतं लेक्चर ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. डोकं खाजवावं लागलं की वाटतं, आपल्याला काही येत नाही. उलट, २०१४मध्ये २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नुसत्या लेक्चरच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२. माझ्या सत्तरच्या वर्गाला हा फरक लावला, तर आठ मुलं केटीतून, म्हणजे नापास झालेला विषय पुन्हा देण्यातून, वाचतात. आठ घरं.

म्हणून कॉलेज चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. फीडबॅक फॉर्ममध्ये आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो का, फळा नीट वापरतात का, हे जरूर विचारा. त्याखाली एवढंही विचारा : या विषयात तुम्हाला स्वतः विचार करावा लागला का?

आणि सहकाऱ्यांनो, सगळं सेमिस्टर एकदम उलटं करू नका. घर्षण आणि ट्रस (पुलांत दिसतात तसे त्रिकोणी सांगाडे), दोनच प्रकरणं घ्या. व्हिडिओपेक्षा जास्त वेळ प्रश्न तयार करायला जाईल, कारण चुकीचा पर्याय मुलांना खरा वाटेल असा हवा. असे पर्याय मी जुन्या उत्तरपत्रिकांतून काढते.

माझा घर्षणाचा तास येत्या मंगळवारी आहे. मागच्या बाकावर बसून बघायचं असेल, तर जरूर या. येताना व्हिडिओ मात्र बघून या.