कवितेला विषय 'काव्यात्म' हवा म्हणे

आज वह्या परत मिळाल्या. एसवायबीए, सर्जनशील लेखनाचा पेपर, स्वरचित कविता, १० मार्क. मला ४. खाली लाल पेनाने शेरा: 'विषय काव्यात्म नाही. निसर्ग, पाऊस, आई असे विषय घ्यावेत.' तेव्हापासून डोकं फिरलंय.

आधी कविता वाचा, मग बोला:

पुन्हा रात्रपाळी, पुन्हा तोच वारा
उभा ऊस वाळे विजेवीण सारा
निघे बॅटरी घेउनी बाप रानी
कधी पोचते शेवटाला न पाणी

भुजंगप्रयात वृत्त आहे हे. लघु म्हणजे आखूड उच्चाराचं अक्षर, गुरू म्हणजे लांब. लघु-गुरू-गुरू अशा तीन अक्षरांचा गण म्हणजे यगण; असे चार यगण, ओळीला १२ अक्षरं. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, म्हणजे चाल आपल्या सगळ्यांच्या अंगात शाळेपासून भिनलेली. फक्त तिच्यात स्वतःचं काही बसवून बघायला कुणी सांगत नाही.

वर्गात सूचना काय होती? 'मनातलं लिहा.' घ्या! कोऱ्या कागदापुढे बसल्यावर माझ्या मनात मेसची भाजी असते. 'आभाळ', 'एकांत', 'तुझी सावली' असलं काहीतरी लिहायचो आणि खोडायचो. शेवटी वैतागून वृत्त घेतलं आणि गावी गेलो.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्या आठवड्यात रात्रीची होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, लाईटची वाट बघत ओट्यावर बसलेले, मी शेजारी.

"आरं, बोटं काय मोजतोयस? कुणाचं देणं ऱ्हायलंय का?"

अक्षरं मोजत होतो. 'बॅटरी' अडली होती. गुरू-लघु-गुरू, यगणात काही केल्या मावेना. मग सुचलं, 'बॅ' एका गणाच्या शेवटी ठेवायचा आणि 'टरी' पुढच्यात ढकलायची. बसली! एवढा आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. अण्णा तोवर तीच बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, गेलेले. पहाटे गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आले आणि म्हणाले, "शेवटच्या सरीला पाणी पोचलंच न्हाई, लाईट गेली." चौथी ओळ तिथे मिळाली. ती माझ्या 'मनात' नव्हती हो. मी १२ अक्षरं भरायला काहीतरी शोधत होतो, म्हणून कान उघडे होते.

म्हणून म्हणतो, नवख्या पोरांना वृत्त द्या, छंद द्या. अभंग द्या, ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक, बसा मोजत. मुक्तछंदात, म्हणजे असं काही न मोजता, थोर कविता झाली, मान्य. पण मराठीत मुक्तछंद रुजवणाऱ्या कवी अनिलांनीच पुढे दहा ओळींची दशपदी घडवली ना? मोकळं झालेल्या माणसालाही बांध घालावासा वाटला. आणि आमच्या वर्गात मुक्तछंद म्हणजे काय, तर गद्य लिहायचं आणि एंटर मारत जायचं.

बरं, 'रानी'ला 'पाणी' हे यमक काटेकोर नाही. ठीक आहे, त्याचा एक मार्क कापा. बाकीचे पाच कशाचे?

ज्याला ९ पडले त्याची कविता मोबाईलने लिहिली. त्यानेच कँटीनमध्ये हसत हसत दाखवली. 'पावसा, तू आईच्या मायेसारखा', वगैरे. निसर्ग, पाऊस, आई, तिन्ही विषय एकाच ओळीत! पोराला दोष देत नाही. 'मनातलं लिहा' म्हटल्यावर तोही माझ्यासारखाच कोरा बसला असणार. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा सगळे नाचलो, आणि त्या भाषेचा विद्यार्थी 'यमाताराजभानसलगं' हे गण ओळखायचं सूत्र एकदाही न म्हणता पदवी घेऊन बाहेर पडू शकतो. संताप येतो राव.

सर वाईट नाहीत, हेही लिहितो. भरगच्च वर्गाच्या वह्या घरी नेऊन तपासतात, शेरा तरी लिहितात. बाकीचे नुसती टिक मारतात. पण सर, रात्री दोन वाजता उसात उभा असलेला माणूस निसर्गात नाही तर कुठे आहे? गच्चीवर चहा पीत पाऊस बघणाराच तेवढा निसर्गात?

पुढची असाइनमेंट ललित लेखाची आहे. विषय 'माझा आवडता ऋतू'. मी मोटरीच्या स्टार्टरवर लिहिणार आहे, मार्क काय पडायचे ते पडोत.