'चुकीच्या नंबरचे भिंग बसवले' या अभिप्रायास उत्तर

नमस्कार. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी दिलगीर आहे. आपला फोन दोनदा उचलला गेला नाही, ही चूकही आमचीच आहे.

मात्र 'डाव्या डोळ्यात चुकीच्या नंबरचे भिंग बसवले, दूरचे पुसट दिसते' हे वाक्य मी तसेच राहू देऊ शकत नाही, कारण ते वाचून उद्या येणारा रुग्ण दारातूनच परत फिरेल. आपणच लिहिल्याप्रमाणे आपण मोनोव्हिजन निवडले होते. त्यात दोन्ही डोळ्यांत साधे भिंग बसवतात, म्हणजे प्रत्येक भिंगातून कुठल्यातरी एकाच अंतरावरचे स्पष्ट दिसते. पण ज्या डोळ्यावर मेंदूची भिस्त अधिक असते तो दूरसाठी ठेवतात आणि दुसऱ्यात मुद्दाम उणे दीड ते दोन नंबर राखतात, म्हणजे साधारण 50 ते 65 सेंटिमीटरवरचे चष्म्याशिवाय दिसावे. तळहातांच्या फटीतून समोरचा दिवा पाहायला लावून आम्ही कोणता डोळा कशासाठी हे ठरवतो, तो काही खेळ नव्हता. आपल्या डाव्या डोळ्यातला नंबर चुकून राहिलेला नाही, मोजून ठेवलेला आहे.

आणखी एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. तपासणीच्या दिवशी खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत आपण आलटून पालटून एकेक डोळा हाताने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होतात. तसे पाहिले तर मोनोव्हिजन केलेल्या कोणालाही एक डोळा अधूच वाटेल. दोन्ही डोळे उघडे ठेवून आपण दूरचा तक्ता वाचलात आणि लगेच फोनवरचा निरोपही, तोही चष्म्याशिवाय. अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही. मेंदूला ही विभागणी अंगवळणी पडायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि आपण दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी एक तारा देऊन मोकळे झालात.

जिना उतरताना खोलीचा अंदाज थोडा कमी पडतो आणि रात्री गाडी चालवताना चष्मा लागू शकतो, हे आम्ही सांगतो. पण संमतिपत्रात ते बारीक अक्षरांत आहे, ही आपली तक्रार मला पटली. मोतीबिंदू झालेल्या माणसाच्या हाती तसा कागद देणे शोभत नाही. त्यात लवकरच सुधारणा करू, फोनचेही काहीतरी पाहू.

रात्रीच्या प्रवासासाठी डाव्या डोळ्याचा दूरचा नंबर भरून काढणारा चष्मा करून घेता येईल. एवढे करूनही पुढे जमलेच नाही, तर लेसरने नंबर घालवणे किंवा भिंग बदलणे हे मार्ग आहेत, मात्र त्याची घाई नको. सोयीच्या दिवशी यावे, मी स्वतः तपासेन. त्या वेळी तक्ता दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचावा, एवढी विनंती आहे.